साखळीचं पहिलं टोक

सकाळी माझा फोन वाजला नाही की माझा जीव भांड्यात पडतो. लोकांचं उलटं असतं म्हणे. फोन वाजला नाही तर त्यांना करमत नाही. माझं कामच असं होतं की वाजलेला फोन म्हणजे वाईट बातमी.

कसं ते सांगते. मी राहते ती इमारत बारा मजल्यांची. एके काळी कारखान्यातल्या कामगारांसाठी बांधलेली. कारखाना बंद पडला, कामगारांची पोरंबाळं पांगली, आणि मागं उरली एकेकटी म्हातारी माणसं आणि आमच्यासारखे बाहेरून आलेले. लिफ्ट आहे, पण ती मर्जीनं चालते. या एकट्या राहणाऱ्या माणसांची मी एक साखळी बांधली. सकाळी चहाच्या वेळी मी सातव्या मजल्यावरून चौथ्यावरच्या शिंपीणबाईंना फोन करायचा आणि विचारायचं, "उठलात का?" त्यांनी म्हणायचं, "उठले." मग त्यांनी पुढच्याला करायचा, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. असं करत फोन नवव्यावरच्या वकीलसाहेबांपर्यंत जायचा, आणि वकीलसाहेब शेवटचा फोन तिसऱ्यावरच्या ड्रायव्हरकाकांना करायचे. काकांपाशी साखळी संपली. कुणी उचलला नाही तर एकदा पुन्हा करून बघायचा. तरी नाही उचलला तर ज्यानं फोन केला त्यानं स्वतः जाऊन दार वाजवायचं, आणि माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय परत फिरायचं नाही. दार उघडलंच नाही तर मला फोन.

म्हणून म्हणते, सकाळी माझा फोन वाजला की कुणीतरी पडलेलं असायचं, नाहीतर गेलेलं.

साखळीच्या पहिल्याच दिवशी वाजला होता. वकीलसाहेब म्हणाले, "तुमचा ड्रायव्हर फोन उचलत नाही. दोनदा केला. आता सहा मजले उतरणं माझ्या तब्येतीत बसत नाही." यांना नियम सांगून मीच थकले होते, पण वाद घालायला वेळ कुठे होता? मी धावले. एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात दुसऱ्याच जोडीची. तिसऱ्यावर जाऊन दार वाजवलं तर काकांनी लगेच उघडलं, जणू दारामागंच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, हातात फोन.

"ऐकू आलं नाही," म्हणाले.

"अहो, हातात तर आहे!"

"हो. पण ऐकू आलं नाही."

मग म्हणाले, आत या, पाणी घ्या, चहा टाकतो. मी कसली थांबतेय! मला ऑफिस गाठायचं होतं. त्याच आठवड्यात मी खटपट करून काकांना मोठ्या आवाजाचा फोन मिळवून दिला. तो वाजला की पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू यायचा. पाचव्या मजल्यानं बरीच कुरकुर केली, पण काकांनी पुन्हा कधी फोन चुकवला नाही.

मी या परभाषेच्या शहरात शिकायला आले तेव्हा आईला काही केल्या कळेना की मी काय शिकणार. "शहराचा काय अभ्यास करायचा असतो गं? डॉक्टर माणसं तपासतो. तू काय, रस्ते तपासणार?" मी म्हटलं, हो, तसंच समज. माणसं कुठे राहतात, कुठे बसतात, कोण कुणाशी बोलतं, कोण नाही बोलत. आईनं ऐकून घेतलं आणि शेजारीपाजारी सांगितलं, "ती तिकडं रस्त्यांची डॉक्टर होतेय." मी प्रबंध पुरा केला, नावामागं डॉक्टर लागलं, तेव्हा तिला वाटलं बघा, मी बरोबरच सांगत होते. फोनवर मात्र दर वेळी एकच विचारायची, "एवढ्या शहरात तुझ्या ओळखीचं कोण आहे गं?" मी म्हणायचे, "आई, माझं कामच ओळखी करायचं आहे." हे काही उत्तर नव्हे हे तिलाही कळायचं आणि मलाही.

आमचे गाईड भारी खडूस होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सुनावलं, "तू खिडकीशी उभं राहायचं. बघायचं, लिहायचं. चित्रात शिरायचं नाही. अभ्यास करणारा चित्रात शिरला की अभ्यास गेला." हे मी गाठीला बांधून ठेवलं. या इमारतीत मी जागा घेतली तीसुद्धा अभ्यासापुरती, थोड्या महिन्यांसाठी. विषय होता, कुणाचं दार कुणासाठी उघडतं. मी जिन्यात बसायचे, लिफ्टपाशी उभी राहायचे, दारोदार जाऊन प्रश्न विचारायचे. लोक मला भोचक समजायचे. इथल्या कुणाला माझं नाव धड घेता यायचं नाही, म्हणून मॅडम म्हणायला लागले, आणि मग ते तसंच राहिलं.

त्या अभ्यासाच्या दिवसांतच अकराव्यावरचे एक गृहस्थ गेले. गेले ते कळायला फार दिवस लागले. शेजारच्या घरात माणसं होती, वरती होती, खालती होती. माझ्या प्रबंधात ते एक उदाहरण झालं. चांगलं उदाहरण आहे, असं गाईडसुद्धा म्हणाले. मला मात्र ते बंद दार काही सोडेना. प्रबंध झाला, नोकरी लागली नगरपालिकेच्या समाजसेवा विभागात, आणि बऱ्याच वर्षांनी अधिकार हातात आला तेव्हा मी पहिलं काम केलं ते या साखळीचं.

लग्नाचं राहून गेलं. एक होता. भला माणूस होता. त्याची बदली झाली, तो म्हणाला चल. मी म्हटलं, एवढं सर्वेक्षण संपू दे. सर्वेक्षण संपलं तेव्हा त्याला दुसरं मूल झालं होतं.

पुढं दोन जाडजूड पुस्तकं लिहिली, कॉलेजात संध्याकाळचे वर्ग घेतले, परिषदांतून भाषणं केली. शेजार कसा उभा करावा या विषयावर मी बोलायला लागले की सभागृह गप्प होतं, हे मी बढाई म्हणून नाही सांगत, खरंच व्हायचं. टाळ्या पडायच्या. आणि मग मी बॅग ओढत घरी यायचे, सातव्यावर, आणि किल्लीनं माझं दार उघडायचे.

तर यंदा माझी निवृत्ती आली. विभागात नवा साहेब आलाय, हुशार पोरगा, बोलायला गोड, पण त्याला प्रत्येक गोष्टीत मशीन दिसतं. त्यानं मला बोलावून सांगितलं, "मॅडम, तुम्ही गेल्यावर ते फोनचं काम आपण मशीनवर टाकतोय. एकाच वेळी सगळ्यांना फोन जाईल. 'बरे असाल तर एक दाबा.'"

"आणि बरं नसलं तर?"

"दोन."

"आणि मेलं असलं तर?"

"मॅडम, तुमचा विनोद मला फार आवडतो," म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला सांगितलं की त्या फोनमध्ये 'उठलात का' एवढंच नसतं. शिंपीणबाई पुढच्याला विचारतात, खोकला गेला का. साखळीतलेच एक बेकरीवाले सांगतात, आज बाहेर निसरडं आहे, उतरू नका. मशीन काय विचारणार, माझं कपाळ?

पोरगा अगदीच वाईट नाही. विचार करून म्हणाला, "विभागाला एक जबाबदार माणूस लागतो. पहिला फोन करणारा. इमारतीतल्या कुणी ते पहिलं टोक हातात घेतलं, तर तुमची साखळी ठेवू. नाहीतर तुमच्या निवृत्तीनंतरच्या सोमवारी मशीन."

मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना! एक फोन करायचा. कुणीही करेल.

गावाकडून धाकट्या भावाचा दर रविवारी फोन येतो. आई गेल्यापासून त्यानं तो नेम चुकवला नाही. त्या रविवारी म्हणाला, "ताई, आता पुरे. वरची खोली रंगवून घेतलीय तुझ्यासाठी. ये परत. कोण आहे तुझं तिथं?" आईचाच प्रश्न, आईच्याच सुरात. मी म्हटलं, "साखळी चालू राहिली तर राहीन मी इथं. बंद पडली तर तिकीट काढ." मागून वहिनीचा आवाज आला, "कसली साखळी, सोन्याची का?" भाऊ म्हणाला, "गप गं, तिचं ऑफिसचं आहे काहीतरी." पण मी ते गमतीनं म्हटलं नव्हतं. साखळी गेली तर या शहरात माझं खरंच काय उरत होतं? एक खोली, पुस्तकं आणि एक निवृत्त मॅडम.

सगळ्यात आधी शिंपीणबाईंकडे गेले. त्या शिलाई मशीनवर बसल्या होत्या, तोंडात टाचण्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि टाचण्यांतूनच म्हणाल्या, "माझ्यानं नाही व्हायचं हो."

"का?"

"डोळे गेलेत."

"फोन करायला डोळे कशाला लागतात?"

"आकडे दिसायला नकोत?" असं म्हणत बाईंनी सुईत दोरा ओवला. एका झटक्यात. मी बघतच राहिले. रोज त्या पुढच्याला फोन करतात तेव्हा बरे आकडे दिसतात!

मग पाचव्यावरच्या नर्सबाई. त्यांचं ब्लडप्रेशर आडवं आलं. बेकरीवाले म्हणाले, "जन्मभर सगळ्यांच्या आधी उठलो, आता सगळ्यांच्या आधी उठायचं नाही, कानाला खडा." एकेकानं हात वर केले. बरं, साखळी नको असंही कुणी म्हणेना. साखळी पाहिजे, मशीन नको, आणि पहिलं टोकही नको. असं कसं चालेल?

ड्रायव्हरकाकांवर माझी भिस्त होती. शहर बससेवेत जन्म गेलेला माणूस, वेळेचा पक्का. गुडघे तेवढे गेलेत. मी म्हटलं, "काका, तुम्ही शेवटचे आहात. तुम्हाला पुढं कुणालाच फोन करावा लागत नाही. तुम्हीच घ्या हे."

काकांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "वकिलांचा फोन येऊन गेला की मी फोन तसाच हातात धरून बसतो. पुढं कुणी नाही ना. पण सवय."

"तेच म्हणतेय मी! मग घ्या ना पहिलं टोक."

त्यांनी मान हलवली. "नको मॅडम. शेवटचा आहे तोच बरा."

मला इतका राग आला की मी चहा नको म्हणून निघाले.

शुक्रवारी ऑफिसात निरोप झाला. फुलं दिली, भाषणं झाली, साहेब म्हणाला, मॅडमनी हजारो लोक जोडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फुलं घेऊन बसनं घरी आले. फुलदाणी नव्हती घरात, म्हणून बादलीत ठेवली.

शनिवारी संध्याकाळी मी खालच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. लिफ्ट नेमकी त्याच सकाळी बंद पडली होती, तरी आले बिचारे, एकमेकांना धरून. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले, शाळेतल्या पोरांसारखे खाली बघत. मी बोलायला उभी राहिले आणि मला आवरलंच नाही. म्हटलं, एवढी वर्षं मी हे चालवलं, एक दिवस खाडा केला नाही, ताप असला तरी केला, परगावी असले तरी तिथून केला. आणि तुम्हाला एक फोन जड होतो? एक?

नर्सबाई पदराशी चाळा करत होत्या. शेवटी वकीलसाहेब उठले. त्यांना उठायला वेळ लागतो आणि त्या वेळात सगळ्यांनी आपल्याकडे बघावं अशी त्यांची अपेक्षा असते.

"मॅडम," म्हणाले, "आमची सगळ्यांची हरकत एकच आहे. तुम्हाला सांगायला हे घाबरतात. मी घाबरत नाही, मी जन्मभर जज्जांना तोंड दिलंय. एक प्रश्न विचारतो. शिंपीणबाईंना 'उठलात का' कोण विचारतं?"

"मी."

"मला कोण विचारतं?"

"बेकरीवाले."

"आणि तुम्हाला?"

मी म्हटलं, "माझा काय संबंध? मी साखळी चालवते."

"तेच," वकीलसाहेब म्हणाले. "पहिल्या टोकाला बसलेल्या माणसाला कुणी फोन करत नाही. तो रात्रीत गेला तर इथं कुणाला कळणार नाही. शिंपीणबाई वाट बघतील, मग म्हणतील, मॅडमना काम आलं असेल. तुम्ही इतकी वर्षं तिथं बसलात, मोठी गोष्ट आहे. पण आम्ही एकटेपणाला भिऊन तर या साखळीत आलो. ती जागा आम्हाला नको हो. मशीन परवडलं, ते निदान सगळ्यांना विचारेल."

शिंपीणबाई रडायला लागल्या. "तुमच्या तोंडावर कसं सांगणार होतो मॅडम," म्हणाल्या.

रागावले की मी आपल्या भाषेत रागावते. इथं कुणाला शब्द कळत नाहीत, पण सूर कळतो. मी काय काय बोलले देव जाणे. नसत्या उठाठेवी करू नका म्हणाले, माझी काळजी करायला कुणी सांगितलं म्हणाले, मला कुणाच्या फोनची गरज नाही म्हणाले. मग इथल्या भाषेत एवढंच म्हटलं, "ठीक आहे. सोमवारपासून मशीन." आणि निघाले.

जिना चढताना कितीदा थांबले कोण जाणे. घरात आले, दिवा न लावताच बसले. बादलीतल्या फुलांनी माना टाकल्या होत्या. मागच्या हिवाळ्यात मला ताप आला होता तो आठवला. रोज सकाळी घसा खरवडून शिंपीणबाईंना विचारायचे, "उठलात का?" त्या "उठले" म्हणायच्या आणि फोन पुढं जायचा. मी पुन्हा पांघरूण ओढून पडायचे. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारणार तरी कसं? त्यात विचारायची जागाच मी ठेवली नव्हती. कागदावर आखताना मी सगळ्यांची घरं काढली होती, मजले काढले होते, बाण काढले होते. माझ्या घराकडे येणारा बाण काढायचं मला सुचलंच नाही. खिडकीशी उभं राहायचं, चित्रात शिरायचं नाही! शाबास. गाईड असते तर खूश झाले असते.

मला फार एकटं वाटलं. हे असं सरळ म्हणायला मला साठी उलटावी लागली.

रविवारी सकाळी मी शेवटचा फोन केला. "उठलात का?"

"उठले," शिंपीणबाई म्हणाल्या. "मॅडम, ऐका ना—"

"उद्यापासून मशीनचा येईल. एक दाबायचा," म्हटलं आणि ठेवला. त्या पुन्हा रडल्या असत्या तर माझाही बांध फुटला असता. दुपारी भावाचा आला. मी म्हटलं, तिकीट बघ. तो इतका खूश झाला, वहिनीला हाका मारायला लागला, आणि मला त्याच्या खुशीचाही राग आला. खोलीला कोणता रंग दिलाय ते त्यानं सांगितलं, पण माझं लक्ष नव्हतं.

सोमवारी नेहमीच्या वेळी जाग आली. चहा केला. हात फोनकडे गेला, मागं घेतला. आता मी कुणाला काय विचारणार? थोड्या वेळानं खालून काकांचा फोन कोकलल्यासारखा वाटला. सातव्यावर काही तो येत नाही, म्हणून मी दार किलकिलं करून जिन्याशी कान दिला. होय, काकांचाच. वाजला आणि बंद झाला. म्हणजे मशीननं विचारलं, काकांनी एक दाबला. झालं. संपलं. मी दार लावून घेतलं. आता या इमारतीत मी भाड्यानं राहणारी एक बाई, बाकी काही नाही.

चहा थंड होत होता आणि माझा फोन वाजला.

मी आधी चपला शोधल्या. सवय ती सवय. स्क्रीनवर नाव ड्रायव्हरकाकांचं. काका? काका कधीच फोन करत नाहीत, काका शेवटचे. कोण गेलं? शिंपीणबाई? कालच मी त्यांना पुरतं बोलूही दिलं नाही. हात उचलेना. मी बघत राहिले आणि वाजून वाजून फोन थांबला.

मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. काही झालं असतं तर दार वाजवून मगच मला फोन आला असता, आणि तोही ज्याची पाळी त्याचा. काकांच्या पुढं कुणीच नव्हतं. काकांच्या पुढं आता मी होते.

तो पुन्हा वाजला. हा दुसरा.

मी उचलला नाही. फोन माझ्या हाताखाली टेबलावर थरथरत होता आणि मी उचलला नाही. आता म्हणेन की मला बघायचं होतं, नियम पाळतात की नाही. चक्क खोटं. मला बघायचं होतं, माझ्यासाठी कुणी जिना चढतं का.

फोन थांबला. मग माझी मलाच लाज वाटली. लिफ्ट बंद. काकांचे गुडघे तसले. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत! अजून वेळ होती, फोन लावून म्हणता आलं असतं, काका, आहे मी, येऊ नका. मी फोन हातात घेतलासुद्धा. आणि खाली दार लागल्याचा आवाज आला. मी तशीच उभी राहिले. पावलं येत होती. एक पाय, मग कठड्याचा आवाज, मग दुसरा पाय. प्रत्येक मजल्यावर थांबत होती. पाचव्यावर कुणीतरी काहीतरी विचारलं, काकांनी काहीतरी सांगितलं. सहाव्यावर इतका वेळ थांबली की मला वाटलं, परत फिरले. मी दाराला हात लावून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी पुढं होऊन उघडत नव्हते.

दारावर थाप पडली.

उघडलं. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, आणि धाप एवढी की बोलता येईना. एक हात चौकटीवर. श्वास बसेपर्यंत मला नखशिखांत बघून घेतलं.

"उठलात का?" म्हणाले.

"उठले," मी म्हटलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "ऐकू आलं नाही."

काकांनी माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. त्याचा दिवा अजून चालू होता. आत येऊन खुर्चीवर बसले, गुडघे चोळत. मी पाणी दिलं.

"वकील काल सगळ्यांकडे फिरले," म्हणाले. "जिन्यानं. तो माणूस जिन्यानं! म्हणाले, हे गोल करून टाका. गोलाला टोक नसतं, मग कुणी घ्यायचं हा प्रश्नच नाही. ऑफिसला मी बघतो म्हणाले, तीन पानी अर्ज लिहितायत. मशीनला आम्ही एक दाबला सगळ्यांनी, ते बिचारं वाजत राहू दे. आणि मी तुम्हाला लावला."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही कुणाला बोलू दिलंत?"

मी त्यांचा ग्लास पुन्हा भरला.

"आता आधी शिंपीणबाईंना करा," काका म्हणाले. "फोन अडलाय तुमच्यापाशी. त्या वाट बघून जिन्यानं निघाल्या तर त्यांच्यामागनं सगळी इमारत निघेल."

मी फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

"उठलात का?" मी म्हटलं.

"कधीची! चप्पल घालून दारात उभी आहे मी," शिंपीणबाई ओरडल्या. "कुठे होतात?" आणि उत्तराची वाट न बघता ठेवून दिला, पुढच्याला करायला.

मी पदरानं डोळे पुसले. काका खिडकीकडे बघत होते, मला सवड द्यावी म्हणून. भावाला काय सांगायचं ते रविवारी बघू, असं मी मनाशी म्हटलं. काकांनी ग्लास खाली ठेवला.

"मॅडम, पहिल्या दिवशी मलाही ऐकू आलं नव्हतं," म्हणाले.

मला समजायला एक क्षण लागला. मग तो दारामागं उभा असलेला माणूस आठवला, हातात फोन घेतलेला. "आणि मी तुम्हाला तो बोंबलणारा फोन आणून दिला!"

"हो. पाचवा मजला अजून शिव्या घालतो." काका हसले. मग टेबलावरच्या माझ्या थंड कपाकडे बघून म्हणाले, "तेव्हा तुम्ही चहाला थांबला नव्हता. मी थांबतो."